रकाना अकरा

अर्जदार: पुरुष. वय: सत्तावन्न वर्षे, अकरा महिने. उंची मध्यम, बांधा मध्यम, वर्ण मध्यम. व्यवसाय: ओळखपत्र विभागात वरिष्ठ लिपिक, सेवा एकतीस वर्षे. दुर्गुण: नोंद नाही. सद्गुण: मागणी करण्यात आलेली नाही. शरीरावरील ओळखीची खूण, रकाना अकरा:

इथे अर्जदाराचं पेन थांबलं.

ऑफिसात त्यांना तीळशोधे म्हणत. हे आडनाव नव्हतं, पण निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना खरं आडनाव कुणाला आठवत नव्हतं. समोर बसलेल्या माणसाने "मला काही खूण नाही हो" असं म्हटलं की तीळशोधे चष्मा पुसत, खुर्ची पुढे ओढत आणि कोपर वळवा, कानामागे दाखवा, बाही वर घ्या असं करत करत तिसऱ्या मिनिटाला तीळ हुडकून काढत. रिकाम्या हाताने, म्हणजे रिकाम्या अंगाने, त्यांच्या टेबलावरून कुणी परत गेलेलं नव्हतं. या कामासाठीचं परिपत्रकही त्यांनीच लिहिलं होतं. कलम चार: रकाना अकरामध्ये 'नाही' हा शब्द ग्राह्य धरू नये. खूण नसलेली व्यक्ती आढळल्यास ती व्यक्ती नीट पाहिली गेलेली नाही असे समजावे. कलम पाच: ताजी जखम, सूज अथवा खपली ही खूण नव्हे.

आता त्यांच्याच ओळखपत्राची मुदत महिनाअखेर संपत होती. समुद्रापलीकडे राहणाऱ्या लेकीला पुढच्या महिन्याच्या तीन तारखेच्या आसपास बाळ व्हायचं होतं. विमानाची तिकिटं दोन तारखेची होती, आणि ओळखपत्राशिवाय विमानात कुणी आजोबांना बसू देत नाही, मग ते पहिलटकर आजोबा का असेनात. जुन्या कार्डावर 'हनुवटीवर पुटकुळीचा डाग' अशी नोंद होती. डाग केव्हाच विरून गेला होता. खोटं लिहायचं नव्हतं. तीळशोध्यांनी न्हाणीघराची कडी लावून आरशासमोर स्वतःची रीतसर तपासणी केली. सगळा कागद कोरा. एकतीस वर्षं लोकांच्या अंगावर दिवा धरला आणि दिव्याखाली हा अंधार.

बायकोला विचारावं असं त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. पण ज्या माणसाचं नावच तीळशोधे, त्याने घरात "माझ्यावर एखादा तीळ सापडतोय का बघ गं" असं म्हणायचं, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं. कचेरीची बाब कचेरीत, असं ठरवून ते शनिवारी टॅटूच्या दुकानात गेले.

दुकान एका चष्मेवाल्याच्या वरच्या मजल्यावर होतं. टॅटूवाली त्यांच्या लेकीपेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान असेल. मनगटापासून खांद्यापर्यंत तिच्या हातावर एक वेल चढलेला होता. भिंतीवर अजगर, वाघ, कवट्या. तीळशोध्यांनी एक तीळ मागितला. मग लगेच स्वतःच विचारात पडले: खोटा तीळ म्हणजे सरळ सरळ बनावट दस्तऐवज. शेवटी म्हणाले, खूण हवी आहे ना, मग खूणच काढ. बरोबरची खूण. डाव्या मनगटाच्या जरा वर, नखाएवढी.

सुईचं पाकीट आपल्यासमोर फोड असं त्यांनी सांगितलं, त्यावरची मुदत वाचली, तिने हातमोजे घातल्याचं नजरेनेच नोंदवून घेतलं. काम वीस मिनिटांचं. नंतरच्या सूचना मात्र बऱ्याच होत्या, आणि त्यांनी त्या वहीत उतरवून घेतल्या. हात लावण्याआधी हात धुवायचे. कोमट पाणी आणि बिनवासाचा साबण, दिवसातून दोन-तीनदा. स्वच्छ कापडाने टिपायचं, पुसायचं नाही. मलम अगदी पातळ. पाण्यात बुडवून ठेवायचं नाही, उन्हात न्यायचं नाही.

"आणि काका, आठ-दहा दिवसांनी खाज सुटेल. खपली धरेल. ती आपली आपण पडू द्यायची. नख लावलंत तर शाई खपलीबरोबर बाहेर येईल, आणि जंतू आत जातील."

तीळशोध्यांनी 'जंतू आत, शाई बाहेर' असं लिहून त्याखाली दोनदा रेघ मारली.

घरी बायकोने मनगट पाहिलं आणि या वयात कसली खाज सुटली होती, एवढंच विचारलं. उत्तर नवव्या दिवशी मिळालं, पण मग ते सांगण्यात मजा राहिली नव्हती. दिवसभर मुंग्यांची एक पलटण त्या इवल्याशा खुणेवर कवायत करत होती. तीळशोधे टेबलाची कड घट्ट धरून बसत. लेकीचा फोन आला की सांगत, सगळं ठीक, तिकिटं काढलीत, तू फक्त वेळेवर जेव. आईशी बोलताना लेक म्हणाली म्हणे, बाबा फोनवर दात-ओठ का खातायत?

अकराव्या दिवशी घात झाला, आणि तो सवयीने केला. पूर्वी अर्जांवर फोटो गोंदाने चिकटवत. सांडलेला गोंद वाळून टेबलावर, बोटांवर, बाहीवर पापडी धरायचा आणि तीळशोधे उजव्या अंगठ्याच्या नखाने ती अलगद उचलायचे. यासाठी ते नख त्यांनी जरा वाढवलेलंच असायचं. गोंद जाऊन दहा वर्षं झाली, नख राहिलं. समोर एक गवंडी आपल्याला खूण नाही म्हणून वाद घालत होता. तीळशोधे त्याचं ऐकत होते, विचार करत होते, आणि उजव्या अंगठ्याला डाव्या मनगटावर काहीतरी खरखरीत लागलं. गोंद वाटला. नख आत सरकलं आणि पापडी एका फटक्यात, अगदी सफाईने निघाली.

काळपट, बारीक, तांदळाच्या कणीएवढी. मनगटावर रक्ताचा थेंब. गवंड्याने वाद थांबवला आणि म्हणाला, साहेब, तुमच्या हाताला लागलंय.

पुढची चूक फक्त त्यांच्याच खात्यातला माणूस करू शकला असता. एखादी गोष्ट टिकवायची तर तिला प्लास्टिक लावायचं, हे तर त्यांच्या हाडीमासी खिळलेलं. त्यांनी कार्डाच्या वरचं पारदर्शक प्लास्टिक कापलं, मनगटावर घट्ट बसवलं, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. आता धूळ नाही, हात नाही, नख नाही. दीड दिवस त्यांनी ते काढलं नाही आणि समाधानाने काम केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आतून वाफ धरलेली दिसली. सोडून पाहिलं तर भोवती लाल कडं, हात लावला तर गरम, आणि पिवळसर पाणी.

टॅटूवालीने ते पाहून प्लास्टिकचा तुकडा चिमटीत धरला.

"काका, हे कार्ड नाही, कातडं आहे. घाम आत कोंडला, हात न धुता नख लावलंत, आणि वरून झाकण घातलंत. जंतूंना दुसरं काय हवं असतं?"

मलम चोपडत बसायचं नाही, आधी डॉक्टरकडे जायचं, असं तिने बजावलं. लाली पसरली, ताप आला, हातावर लाल रेघ वर चढली तर रात्र-दिवस न बघता जायचं. तीळशोधे लगेच गेले. डॉक्टरांनी लालीच्या कडेने पेनाने एक वर्तुळ काढलं, लाली त्याबाहेर गेली तर या म्हणाले, आणि सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. महिना संपायला सोळा दिवस होते. कलम पाच तीळशोध्यांना तोंडपाठ होतं. सूज, जखम, खपली ही खूण नव्हे.

आता कारभार बायकोने हातात घेतला. आधी ते अंगठ्याचं नख. तिने त्यांना खिडकीपाशी स्टुलावर बसवलं, समोर उभी राहिली आणि नेलकटरने नख मुळापर्यंत छाटलं. एकतीस वर्षांचं शासकीय अवजार वर्तमानपत्रावर पडलं. ते मान खाली घालून बसले होते. वरून बघता बघता ती स्वतःशीच हसली.

"काय झालं?"

"काही नाही. बसा सरळ."

हे सगळं कशासाठी, असं तिने एकदा विचारलं होतं. ते नुसतं "असंच" म्हणाले. तिने आपल्या मनाने ठरवून टाकलं की आजोबा होण्याच्या आनंदात माणूस जरा वाहवला आहे, आणि पुन्हा विषय काढला नाही. सकाळ-संध्याकाळ ती हात धुवायची, त्यांना धुवायला लावायची, कोमट पाण्याने मनगट धुऊन टिपायची. लाली पेनाच्या वर्तुळातच राहिली, तिसऱ्या दिवशी आत आत सरकू लागली. गोळ्या संपल्या तेव्हा वर्तुळ उरलं होतं, लाली नव्हती. उरलेली खपली एका सकाळी आपली आपण टॉवेलवर आली. तीळशोध्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि अंगठा मुठीत घातला.

एकोणतीस तारखेला ते स्वतःच्याच कचेरीत अर्जदार म्हणून रांगेत उभे राहिले. टेबलावर त्यांनीच शिकवून तयार केलेल्या बाई होत्या, चष्मा पुसण्याची लकबसुद्धा उचललेल्या. बाईंनी मनगट उजेडात धरलं. कातडी गुळगुळीत, जखम नाही, सूज नाही, खपली नाही. कलम पाच पार पडलं. पण नखाने नेलेला तुकडा खुणेचा छोटा पाय होता. उरली होती ती नुसती वरपासून खालपर्यंत गेलेली तिरकी रेघ.

"सर," बाई अवघडून म्हणाल्या, "रकान्यात तिरकी रेघ म्हणजे लागू नाही. तुम्हीच शिकवलंय. मी 'तिरकी रेघ' लिहिलं तर वरचे म्हणतील रकाना रिकामा आहे."

नियम बरोबर होता. नियम आपलाच असला की जास्तच बरोबर असतो. दोन तारखेचं विमान त्यांच्या डोळ्यांसमोरून आपल्याशिवाय उडून गेलं.

"कलम चार," बाई म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढली. "मान वळवा, सर. खाली. अजून खाली."

मानेमागचे केस त्यांनी पेनाच्या टोपणाने बाजूला केले. आणि मग रकाना अकरात लिहायला घेतलं.

चार वाजता कार्ड हातात आलं. घरी बायको बाळाची टोपडी घडी घालून बॅगेत भरत होती. त्यांनी कार्ड पुढे केलं. तिने वाचलं, मग डोळे पुसेपर्यंत हसली.

"मानेवर कळसा आणि गावाला वळसा. यासाठी हात सडवून घेतलात होय?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?" ती म्हणाली, आणि त्यांच्या गोळ्यांची रिकामी पट्टी बॅगेतून काढून कचऱ्यात टाकली.

कार्डावरची नोंद पुढीलप्रमाणे आहे. शरीरावरील ओळखीची खूण: मानेमागे, केसांखाली, मसुराएवढा तीळ. बायकोला तो बत्तीस वर्षांपासून माहीत होता.