चूक विचारणाऱ्या बाई

बाईंना कौतुक ऐकवत नसे. त्यांच्या कामाला कुणी छान म्हटलं की त्या हातानेच थांबवायच्या आणि म्हणायच्या, "ते राहू द्या. काय चुकलंय, ते सांगा."

इंदिरानगरजवळच्या आमच्या रुग्णवाहिका केंद्रातली विश्रांतीची खोली बाईंनी नव्याने करून दिली. घरांची, दवाखान्यांची आतली रचना करण्यात त्यांचा जन्म गेला होता. साठी उलटलेली, सुती साडी, पायात बूट, खांद्यावरच्या पिशवीत मोजपट्टी. मी तिथे पायलट, म्हणजे गाडीचा चालक. बाईंनी मला नावाने कधी हाक मारली नाही. "अहो पायलट" म्हणायच्या.

काम हाती घेतल्यावर आठवडाभर त्या नुसत्या आवारात येऊन बसल्या. मग केंद्राच्या साहेबांना म्हणाल्या, "अपघातावरून आलेला एकही माणूस या खोलीत जात नाही. सगळे गाडीच्या पायरीवर बसतात. का, ते कळल्याशिवाय मी भिंतीला हात लावणार नाही." का, ते आम्हालाही सांगता येईना. त्यांनीच शोधलं. हातमोजे काढले तरी हात कधी एकदा धुतोय असं होतं. पण नळ अगदी आत, आणि वाटेत साहेबांचं टेबल. तिथे आधी फॉर्म भरायचा. बाईंनी बेसिन बाहेर, दाराशेजारी आणलं, त्यावर आरसा लावला. खोलीला मागून दुसरं दार काढलं आणि फॉर्म अर्ध्या तासानंतरच भरायचा, हे साहेबांकडून कबूल करून घेतलं.

साहेबांना भिंतीवर लाल रंगात सेवेची वचनं लिहून हवी होती. बाई शांतपणे म्हणाल्या, "लाल ही माणसं रोज बघतात. भिंत मोकळी राहू दे." तिथे त्यांनी खिडकी पाडली. बाहेर कडुनिंब होता. तो तिथे आहे हे आठ वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

काम संपलं, तरी बाई दर मंगळवारी चूक विचारायला यायच्या. आम्ही सगळे "मस्त आहे बाई" म्हणायचो आणि त्या वैतागायच्या.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात त्र्यंबक रस्त्यावरच्या अपघातातली एक चिमुरडी माझ्या गाडीत, वाटेतच गेली. मीच तिला उचलून गाडीत ठेवलं होतं. परत आलो, बेसिनपाशी वाकलो आणि समोरच्या आरशात माझा शर्ट दिसला. मी तसाच मागे फिरलो. त्यानंतर महिनाभर त्या बेसिनकडे गेलो नाही. राजीनामा लिहून खिशात ठेवला होता. घरीसुद्धा बोललो नव्हतो.

मग एका मंगळवारी बाईंनी नेहमीचं विचारलं आणि माझ्या तोंडून आमची घोटीकडची बोली निघाली. "बाई, त्यो आरसा नको. आपलंच त्वांड बघवत नाय."

बाईंनी पिशवीतून पेचकस काढला आणि उभ्या उभ्या आरशाचे चारही स्क्रू स्वतः सोडवले. मी मदतीला गेलो तर म्हणाल्या, "चूक माझी आहे, मलाच काढू द्या." आरसा भिंतीला टेकवून त्या माझ्याशेजारी बाकावर बसल्या. तासभर तरी बसल्या असतील. काय झालं, हे त्यांनी विचारलं नाही. मीच हळूहळू सगळं सांगितलं. उठताना एवढंच म्हणाल्या, "हे मला आधीच सुचायला हवं होतं हो." राजीनामा मी दिला नाही.

गेल्या वर्षी बाई थकल्या. शेवटच्या मंगळवारी रिक्षातून उतरतानाही त्यांना माझा हात धरावा लागला. बाकावर बसून दम खाल्ला आणि विचारलं, "काय चुकलंय, पायलट?"

सांगण्यासारखं होतं. कडुनिंबाशेजारची दोन झाडं तोडल्यापासून दुपारचं ऊन त्या खिडकीतून थेट डोळ्यांवर येत होतं. पण त्यांचा चेहरा बघून मी म्हणालो, "काही नाही बाई. सगळं ठीक आहे."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "बरं," म्हणाल्या आणि उठल्या. पंधरा दिवसांत बाई गेल्या.

खिडकीला आम्ही आता एक जुनी चादर अडकवली आहे. मंगळवारी दुपारी ती नीट करताना वाटतं, त्या दिवशी खरं सांगितलं असतं, तर उन्हाचा बंदोबस्त करायला का होईना, बाई आणखी एकदा आल्या असत्या.