बिनव्याजी भाजी

ऐंशी सालाच्या आसपास आम्ही जवाहरनगरला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे कारखान्यातले एक गृहस्थ रोज दिसायचे. नाव काही मी विचारलं नाही. टेरिलीनचा कडक सदरा, आणि भेंडी घेताना एकेकीचं टोक मोडून बघायची सवय! पिशवी भरली की म्हणायचे, "पगाराले देतो."

पगार झाला तरी निम्मेच द्यायचे. एकदा ऐटीत मला म्हणाले, "उधारीले व्याज नाही लागत, वहिनी. तवर माझा पैसा पोस्टात वाढून राहिला."

अस्सा संताप आला म्हणून सांगू! म्हटलं, "अहो भाऊ, ही व्याजानं पैसे काढून माल आणते. तुमचं व्याज हीच भरते!"

"मंग तिनंही पोस्टात टाकावं. मी कुठं नाही म्हणतो?"

मी त्यांची पिशवी हिसकून टोपल्यात उलटी केली. भाजीवाली घाबरलीच.

"काहून असं करता, बाई? हे दुसरीकडं गेले तर मागचं मले कोण देईन?"

तिनं पिशवी परत भरली, वर सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक जुडी फुकट ठेवली. त्यांनी ती नाकाशी नेली आणि विचारलं, "कालचा आहे का?"