मी माफीचं पत्र लिहिलं नाही

सानिकाने खरकटी ताटली माझ्यापुढे धरली. स्पेनमध्ये, सालामांकातल्या तिच्या फ्लॅटवर आमच्या वर्गातले सात जण जेवायला जमले होते. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी इंग्रजीत म्हणाली, "हिची आई आमच्या बंगल्यावर भांडी घासते. हिला सवय आहे."

कुणी हसलं. कुणी खाली बघितलं. माझा हात मात्र आपोआप पुढे गेला. ती ताटली मी घासली. मग बाकीच्याही घासल्या. तिच्या बोलण्याहून जास्त लाज मला त्याची वाटते.

मी कर्जतजवळच्या पळसदरीची. धरणाच्या वरच्या अंगाला आमची भाताची जमीन होती. सानिकाच्या वडिलांनी ती घेतली, बंगला बांधला आणि बाबांना तिथेच माळी म्हणून ठेवलं. आई स्वयंपाकघरात. दहा वर्षांची असताना मी एकदा त्यांच्या पोहण्याच्या तलावात पाय सोडून बसले. सानिकाच्या आईने बघितलं. तिने बाबांना बोलावून सगळं पाणी सोडून द्यायला लावलं. बाबांनी वाकून व्हॉल्व्ह उघडला. माझ्याकडे बघितलं नाही. माझ्याच वयाची सानिका काठावर उभी होती.

सालामांकातल्या या कोर्सच्या जाहिरातीचा कागदसुद्धा त्यांच्याच रद्दीत सापडला. आईने चूल पेटवायला आणली होती ती. जुन्या वास्तू आणि जुनी गावं कशी जपायची, त्याचं शिक्षण. कर्जतच्या कॉलेजात मी इतिहास केला होता. अर्ज केला. सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. सानिका बापाच्या पैशावर आली.

माझी खोली नदीपलीकडे. रोज सकाळी जुन्या दगडी पुलावरून चालत वर्गात. दुपारी दोनला दुकानं बंद, सगळं शहर जेवायला घरी. मी वाचनालयाच्या पायरीवर बसून डब्यातला भात खायची आणि मनोऱ्यावरची करकोच्यांची घरटी बघायची. त्या जेवणानंतर वर्गातल्या एकाने कॉफीचा रिकामा कप माझ्या बाकावर ठेवला. मी उचलला नाही. दिवसभर तसाच राहिला.

मग सानिकाचं सादरीकरण आलं. तिने निवडलं आमचंच गाव. पडद्यावर त्यांचा बंगला. नंतर भाकरी थापणारी माझी आई. गावाशी एकरूप झालेलं घर, असं ती सांगत होती. मग माझ्याकडे हात करून म्हणाली, गावची मुलगी इथेच आहे, तिलाच विचारा.

मी उठले. सांगितलं, या बंगल्याच्या कुंपणाने ओढ्याकडे जाणारी गावाची वाट बंद केलीय. गावच्या नकाशात ती वाट आहे. फोटोतली बाई माझी आई, आणि फोटो तिला न विचारता काढलाय. तलावाचंही सांगितलं. प्राध्यापक बाईंनी सानिकाला विचारलं, हे खरं का? तिने लॅपटॉप मिटला. चेहरा पांढराफटक. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? फार बरं वाटलं.

जिन्यात तिने मला गाठलं. "तुम्ही आमच्या जिवावर जगलात."

"तुमचा बंगला आमच्या शेतावर उभा हाय," मी म्हटलं. त्या शहरात पहिल्यांदाच माझ्या तोंडून माझ्या गावची बोली निघाली.

दोन दिवसांनी आईचा फोन. साहेबांनी, म्हणजे सानिकाच्या वडिलांनी, तिला आणि बाबांना कामावरून काढलं होतं. मी सगळ्या वर्गाला माफीचं पत्र पाठवलं तर परत घेणार होते. आई रडत नव्हती. हळूच म्हणाली, "लिव गं दोन ओळी. आपलं काय जातंय?"

मी फोन बाबांना द्यायला सांगितला. ते म्हणाले, "नको लिवू. आमी बघू काय करायचं ते."

त्याच संध्याकाळी मी तहसीलदारांच्या नावाने ओढ्याची वाट मोकळी करण्याचा अर्ज लिहिला. बाबांनी गावातल्यांच्या सह्या घेतल्या आणि तो कर्जतला कचेरीत दिला. आता ते लोधिवलीला एका गोदामावर कामाला जातात. आई अजून माझ्याशी धड बोलत नाही.

परीक्षा झाली की मी परत जाणार आहे. अर्जाच्या सुनावणीला साहेबांना कचेरीतल्या बाकावर बसून आपल्या नावाचा पुकारा होईपर्यंत थांबावं लागेल. मी समोर उभी असेन. मला समेट नको. त्यांनी हात जोडले तरी नको. कुंपण पडलं पाहिजे, आणि पडताना ते तिथे हजर पाहिजेत.