फाटक्या कडेला हळद

शैला गेल्याचा फोन मिरजेहून आला तेव्हा मी दुकानात कागद निवडत होते. रडू नंतर आलं. आधी हायसं वाटलं... सुटली बिचारी. आणि खरं सांगायचं तर मीही सुटले होते. चारच दिवसांपूर्वी, हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसून, बारा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट मी बोलून टाकली होती.

शैला पुण्याची, लग्न होऊन सांगलीत आलेली. लग्नपत्रिकांचं दुकान आम्ही दोघींनी मिळून काढलं. लाल-पिवळ्या, चकचकीत पत्रिकांच्या गावात तिला विलायती थाट आणायचा होता. हस्तिदंती रंग, जाड खरखरीत हातकागद, लाखेचा शिक्का. डोळे मिटून कागदावर अंगठा फिरवायची आणि म्हणायची, हा बोलतोय. मला हसू यायचं. हट्टी तर अशी, की माझं सगळं ऐकून घ्यायची आणि करायची आपलंच.

शिराळ्याच्या एका निवृत्त सुभेदारांच्या मुलीचं लग्न होतं. शैलानं पट्टी धरून प्रत्येक पत्रिकेच्या चारही कडा हातानं फाडल्या, विलायती कार्डांसारख्या. मी शिराळ्याकडचीच. पूर्वी मयताच्या पत्राचा कोपरा फाडून धाडायचे, हे मला लहानपणापासून ठाऊक. पण आदल्याच दिवशी मी सुचवलेला रंग तिनं गिऱ्हाइकासमोर उडवून लावला होता. मी फुगून गप्प बसले. कळू दे तिचं तिलाच, म्हटलं.

पत्रिका वाटायला घेतल्या आणि तिसऱ्या दिवशी सुभेदार दारात. आवाज चढवला नाही, म्हणून जास्तच लागलं. "बाई, कार्ड लय देखणं हाय. पर फाटकं कार्ड आमच्यात मयताचं असतंय. थोरल्या आत्यानं उंबऱ्यातनंच परत धाडलं. लग्नाला येत न्हाई म्हणत्यात." शैला पांढरी पडली. चूक माझीच, म्हणाली, आणि उठून बाजारातून हळद घेऊन आली. वाटीत कालवून आम्ही दोघींनी एकेक फाटकी कडा ब्रशनं रंगवली. खरखरीत कागद हळद प्यायला आणि कडेला ऊन पडल्यासारखं दिसायला लागलं. आत्याबाईंनी ती पत्रिका देवापुढं ठेवली, लग्नालाही आल्या. पुढं हळदीची कडा हीच आमची ओळख झाली. लोक शैलाचं कौतुक करायचे तेव्हा मी उगाच कपाट आवरायला घ्यायचे.

हॉस्पिटलात सगळं ऐकून शैला हसली. "सुभेदार दारात आले तेव्हाच मला कळलं होतं गं. कडा फाडताना तू एकदाही माझ्याकडं बघितलं नाहीस."

मग बोलली का नाहीस, मी विचारलं.

"हळद लावताना माझ्यापेक्षा जास्त कार्डं तूच रंगवलीस... तिथंच मिटलं."

तिच्या तेराव्याची पत्रिका मीच केली. तिच्या आवडीचा कागद, पट्टी धरून फाडलेल्या कडा. या वेळी त्या रीतीला धरूनच होत्या. सवयीनं हात हळदीच्या वाटीकडं गेला... आणि थांबला. वाटी धुऊन पालथी घातली.

काल सुभेदार आले होते, धाकट्या लेकीची पत्रिका करायला. कडा तसलीच पाहिजे, म्हणाले. मी वाटी सुलटी केली.