भारद्वाजाचा फोटो

भारद्वाज दिसला की चांगलं होतं, असं माझी बायको म्हणायची. तिला परभणीच्या दवाखान्यात न्यायच्या सकाळी तो परसात उतरला. तिनं मागच्या दारातून हात जोडले. म्हणाली, "दिसला. आता मी बरी होऊन येते." आली ती मढं होऊन.

तवापासून मी मोबाइल घेऊन परसात बसतो. मला त्या पाखराचा एकच फोटो पाहिजे होता. काल भेटला. जास्वंदीत बुलबुलाचं घरटं होतं, त्यातलं पिल्लू त्यानं ओढून काढलं.

सून म्हणाली, "मामा, हाकला की त्याला. पिल्लू खायलाय."

"गप उभी राहा. उडंल तो."

पिल्लाचे पाय हालत होते तवाच फोटो काढला. लय साफ आला.

"आत्याबाई असत्या तर काठी घेऊन धावल्या असत्या."

"कशाची धावती? हात जोडले असते तिनं."

संध्याकाळी साळीचा फोन आला. "दाजी, उद्या माझं ऑपरेशन हाय. तुमच्या परसातल्या भारद्वाजाचा फोटो असला तर पाठवा, दर्शन घेते."

मी तोच पाठवला. तिनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मी खाली लिहिलं, मोठा करून बघ, तोंडात काय हाय ते.