शेळीच्या छातीत हत्तीचं काळीज

गाडीतलं काहीच न कळणारा माणूस गरीब असतो. अर्धवट कळणारा मात्र साऱ्या घराला ताप असतो. आमच्या घराण्यात असे दोघे होते. एक माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो. आणि दुसरा मी.

आबा फौजेत ड्रायव्हर होते. पेन्शनीत आल्यावर त्यांनी कोरेगावजवळच्या आमच्या गावी ऊस लावला आणि लिलावातून एक जुनी मिलिटरी जीप आणली. जगात वाहनं दोनच प्रकारची, असं त्यांचं मत होतं. एक त्यांची जीप आणि दुसरे खटारे. पुढाऱ्यांच्या चकचकीत मोटारीसुद्धा दुसऱ्या प्रकारात.

या जीपचं नाक कापलं गेलं ते कवठे महांकाळच्या बाजूला. आबांची लेक तिकडं दिलेली होती. दिवाळीला तिला माहेरी आणायला मुराळी म्हणून आबा स्वतः जायचे, अर्थात जीप घेऊन. एका वर्षी तिच्या गावाच्या तोंडावरच्या ओढ्यात, गुडघाभर चिखलात जीप रुतली. व्याह्यांनी बैलजोडी लावून ती बाहेर काढली. सगळं गाव काठावर जमलेलं. ज्यांनी उभ्या जन्मात सायकलसुद्धा चालवली नव्हती ते व्याही बैलांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पाव्हणं, फुडल्या खेपंला हिला येसण घालूनच आणा. बैलांस्नी वळखीची वाटंल."

घरी आल्यावर आबा पायातलं काढायच्या आधीच गरजले, "फुडच्या दिवाळीला ही जीप त्या वड्यातनं आपल्या ताकदीवर जाईल. न्हाईतर त्या गावात मी पाय ठेवणार न्हाई. कवाच न्हाई!"

काकूंनी डोळ्याला पदर लावला. लेकीचंच गाव ते. बापानं तिथं पाय ठेवायचा नाही, म्हणजे पोरीनं कुणाची वाट बघायची? पण आमच्याकडच्या पुरुषांची ही जुनी खोड आहे. शपथ घ्यायची त्यांनी आणि तिच्यातून सुटायची वाट शोधायची बायकांनी.

जीप का रुतली, हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. तिचे टायर आबांच्या टकलाइतके गुळगुळीत होते. मी तसं म्हणून पाहिलं. पण टायर बदलण्यात काय मर्दुमकी? आबांनी निदान केलं की इंजिनात दम नाही. शिवाय पेट्रोल महागलेलं. तेव्हा डिझेलचं मोठं इंजिन बसवायचं ठरलं आणि आम्ही सांगलीला एका मिस्त्रीकडं गेलो.

मोडीत निघालेल्या मालट्रकचं इंजिन त्याच्या शेडमध्ये साखळीला टांगलेलं होतं. मिस्त्री त्याला गोंजारत म्हणाला, "आबा, हत्तीचं काळीज बशिवतो बगा."

"शेळीच्या छातीत?" मी विचारलं.

"तू गप रं," आबा म्हणाले.

हत्तीचं काळीज बसलं. त्यासाठी रेडिएटर पुढं सरकवला, लोखंडी चौकट कापली आणि बॉनेट मिटेना म्हणून त्याला मधोमध भोक पाडलं. वजनानं जीपचं तोंड खाली झुकलं. लिलावात घेतली तेव्हा ती निदान समोर बघायची. आता रस्त्यावर काही हरवल्यासारखी जमिनीकडं बघत चालायची. आणि आवाज! ती फाटकात शिरली की आमच्या कोंबड्या दोन दिवस अंडी द्यायच्या नाहीत.

पण खरी गंमत रस्त्यावर कळली. इंजिन मोठं, पण संथ. पेट्रोलवालं जितके फेरे घ्यायचं त्याच्या निम्मेच हे घ्यायचं. जीप पूर्वीपेक्षा हळू पळू लागली. कऱ्हाडच्या अलीकडं दुधाच्या किटल्या लावलेला एक सायकलवाला आमच्या पुढं गेला आणि मागं वळून म्हणाला, "चढ न्हाई गड्या हितं, सपाट हाय!"

इथं माझा प्रवेश. नुकताच मशीनचा डिप्लोमा घेतलेला, खिशाला दोन पेनं. मी कागदावर गणित मांडून दाखवलं. मागच्या चाकांच्या आसात दातेरी चक्रांचा एक जोड असतो. तो बदलला की इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत चाकं जास्त फिरतील आणि जीप पळेल.

मिस्त्रीनं डोकं खाजवलं. "आनि फुडल्या आसाचं?"

"पुढची चाकं रोज थोडीच ओढतात? राहू दे ते तसंच."

त्यानं माझ्याकडं टक लावून पाहिलं. "तुमी शिकल्याली मान्सं," तो म्हणाला. मला वाटलं, आदरानं म्हणाला.

दिवाळी आली. या खेपेला मीही मागच्या बाकावर होतो. जीप खरंच पळाली. आबा वाटेतल्या प्रत्येक बैलगाडीकडं राजासारखे बघत होते. दुपारी ओढा गाठला, तर पलीकडच्या काठावर व्याही बैल जुंपून हजर! मागं सारं गाव, आणि गाठोडं घेऊन उभी लेक.

"आवं पाव्हणं, तुमचा आवाज मळ्यात आला. म्हटलं, बैलं सोडायच्या आदीच आणावीत."

"सोडा ती बैलं!" आबा ओरडले. "आता बगा!"

त्यांनी जीप पाण्यात घातली आणि चारी चाकांना जोर देणारा दांडा ओढला. आता मागच्या चाकांचा सव्वा फेरा होई तेव्हा पुढच्यांचा एकच. एका जुवाला एक पळणारा बैल आणि एक रवंथ करणारा. मागची चाकं ढकलत होती, पुढची अडवत होती. जीप थरथरली, चिखलात खाली बसली, आणि हत्तीनं जोर लावताच पोटाखालून 'काड्' असा आवाज आला. पुढच्या चाकांचा शाफ्ट तुटून पाण्यात पडला.

काठावर हशा पिकला. आबा स्टिअरिंग धरून बसून राहिले. ते खाली उतरेनात, कारण उतरून चार पावलं गेलं की गाव लागायचं. मान खाली घालून एवढंच पुटपुटले, "काय झालं रं?"

"मिस्त्रीनं घोळ घातला," मी म्हणालो. जरासुद्धा न अडखळता.

तेवढ्यात त्यांच्या लेकीनं गाठोडं डोक्यावर घेतलं, पातळ खोचलं आणि ती सरळ ओढ्यात उतरली. जीपमध्ये चढून बापाशेजारी बसली. "आबा, मी आली न्हवं? तुमी कशाला उतरताय? चला माघारी." मग सासऱ्यांना हाक मारली, "मामंजी, बैलं त्या अंगानं लावा. आमास्नी घरी जायाचंय."

व्याही हसायचे थांबले. त्यांनी मुकाट्यानं बैल अलीकडं आणले आणि जीप मागं ओढली. गावात पाय न ठेवता मुराळी लेकीला घेऊन निघाला. शपथ शाबूत.

वाटेत आबांचा डोळा चुकवून ती माझ्या कानाशी लागली. लहानपणापासून ती गाडी दुरुस्त करणाऱ्या बापाच्या हातात पाने देत आलेली. "दादा, मी काठावरनं बघितलं. फुडची चाकं हळू फिरत हुती. मिस्त्री असं करंल व्हय?"

मी म्हणालो, "भाऊबीजेला काय पाहिजे तुला?"

आबांनी पुढं कित्येक वर्षं त्या मिस्त्रीचा उद्धार केला. एका वर्षी मी ओवाळणीत साधंसं सुती पातळ घातलं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि ओट्यावर बसलेल्या बापाला हाक मारली, "आबा, त्या वड्यातली गोष्ट हाय..."

त्याच पावली मी साताऱ्याची एस.टी. पकडली आणि दिवेलागणीच्या आत भारीतलं पातळ घेऊन परत आलो.