चादरींच्या गाठी आणि माझं लोखंड

माझ्या बायकोच्या सख्ख्या भावानं मला फसवलं. लोक समजतात शेठनं फसवलं. पण शेठ व्यापारी होता, त्याच्याशी बोलताना मी सावध असायचो. मेव्हण्याशी बोलताना नव्हतो.

सोलापुरात पुणे रोडला, जकात नाक्याच्या अलीकडं माझं पत्र्याचं गॅरेज होतं. बहात्तरचा दुष्काळ सरून तीनेक वर्षं झाली असतील. ते गॅरेज मी एकट्यानं उभं केलं, कुणाचा हात धरला नाही. वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर बैलगाडी हाकायचे. त्यांच्याकडून मला मिळाली ती ओझ्याची अक्कल. ओझं मागं सरकलं की गाडी उलाळते, जू वर जातं आणि बैलाच्या गळ्याला फास लागतो. पुढं सरकलं की बैलाची मान दबते. म्हणून माल भरताना वडील दर चार पोत्यांनी जू हातानं उचलून बघायचे. जीपच्या मागं दोन चाकांची गाडी जोडली तरी न्याय तोच. ओझं पुढं आलं की जीपची मागची बाजू खाली बसते, नाक वर येतं, पुढची चाकं रस्त्याला नीट टेकत नाहीत आणि स्टिअरिंग हातात हलकं लागतं. ड्रायव्हरला वाटतं गाडी मस्त चाललीय.

याच्यावरचा उपाय मी एका गोऱ्या जोडप्याच्या गाडीखाली पाठीवर पडून बघितला होता. ते चाकांवरचं आख्खं घर ओढत हैदराबादला निघाले होते, माझ्या दारात त्यांचं बेअरिंग गेलं. त्यांच्या हुकापासून मागं दोन लवचीक दांडे गेले होते, आणि त्यांची टोकं मागच्या गाडीच्या दांडीला साखळ्यांनी वर ताणून बांधली होती. साखळीची एकेक कडी वर घ्यावी तसा दांडा ताणतो, आणि जीपच्या पाठीवर बसलेलं ओझं थोडं पुढच्या चाकांवर जातं, थोडं मागच्या गाडीच्या चाकांवर. कावडीसारखं. बेअरिंगचं काम तासाभराचं होतं, मी चार तास लावले. ते गेल्यावर सगळं खडूनं फरशीवर काढलं आणि कितीतरी दिवस तिथं झाडू लागू दिला नाही.

मग शेठ आला. चादरी-टॉवेलांचा व्यापारी. त्यानं मिलिटरीच्या लिलावातला दोन चाकांचा सांगाडा घेऊन त्यावर प्लायवूडची खोली बांधून घेतली होती. आत दोन बाक, बाकांखाली कप्पे, एक स्टोव्ह, आणि मागची भिंत खाली पाडली की दुकानाची फळी. नवरा-बायको दोघांनी सांगोला, अक्कलकोट, टेंभुर्णी असे बाजार करत फिरायचं, रात्री त्यातच निजायचं. लॉजचं भाडं वाचवायचं होतं त्याला. ओढायला जुनी जीप, आणि जीपवर ड्रायव्हर माझा मेव्हणा. ती नोकरी मीच लावून दिली होती.

गाडी नाक वर करून चालते म्हणून मेव्हण्यानंच शेठला माझ्याकडं आणलं. मी दोन भाव सांगितले. ट्रकच्या स्प्रिंगपाट्यातली जाड पानं घेऊन दांडे केले तर एक, जीपच्या पाट्यातली पातळ पानं घेतली तर एक. शेठनं विचारलं, फरक काय. मी म्हणालो, फरक ओझ्याचा. किती ओझं नेणार ते सांगा, मग मी सांगतो कुठलं लागेल. तो म्हणाला, ओझं कसलं, आम्ही दोन माणसं, गाद्या, भांडी, पाण्याचं पिंप. माल ट्रकनं आधीच पुढं जाणार.

सकाळभर घासाघीस चालली. त्यानं दोनदा जीप चालू करायला लावली, मी दोनदा पाठ फिरवली. मला हे काम पाहिजे होतं, कारण सोलापुरात असा हूक कुणाच्या गाडीला नव्हता आणि बाजाराबाजारातून ती गाडी फिरली असती तर माझं नाव फिरलं असतं. ही माझी हाव, ती मी लपवत नाही. शेवटी पातळ पानांवर सौदा ठरला. तरीपण हातात हात देण्याआधी मी मेव्हण्याकडं वळलो. शेठला नाही, त्याला विचारलं.

"पावणं, आत आणखी काय चढणार असंल तर आत्ता सांगा."

तो जीपच्या बॉनेटवर कोपर टेकून उभा होता. म्हणाला, "न्हाय दाजी. गाद्या-भांडी, एवढंच की."

काम चार दिवस चाललं. पाट्याचं पान वेल्डिंग करायचं नसतं, जाळ लागला की त्याचा ताव जातो, ते ठिसूळ होतं, म्हणून भोकं पाडून बोल्टनं बसवलं. शेवटच्या दिवशी मी शेठला बजावलं, जाताना जशी भरणार तशी भरून आणा, त्याशिवाय साखळी लावणार नाही. ते भरून घेऊन आले. गाद्या, भांडी, पाण्यानं भरलेलं पिंप. जीप सपाट जागेवर उभी केली, एक काठी जमिनीवर टेकवून पुढच्या मडगार्डाची उंची खडूनं मारली. मग मागची गाडी जोडली. मडगार्ड खुणेच्या चार बोटं वर गेलं. मग साखळी एक कडी, पुन्हा काठी, दुसरी कडी, पुन्हा काठी. मध्येच माप चुकायला लागलं. बघतो तर शेठ आत बाकावर बसून चहा पीत होता. मी असा ओरडलो की त्याच्या हातातली बशी कलंडली. तिसऱ्या कडीला मडगार्ड खुणेपासून अर्धं बोट राहिलं. दोन्ही बाजूंच्या तिसऱ्या कडीला मी तांबडा रंग लावला आणि मेव्हण्याला जवळ बोलावून सगळं समजावलं. जीप मागं बसलीय असं दिसलं तर ओझं उतरवायचं, साखळीला हात लावायचा नाही. साखळी ताणून नाक खाली येतं, पण सगळा ताण दांड्यावर जातो. हे दांडे पातळ आहेत.

तो "व्हय, व्हय" म्हणत होता. त्याला सगळं समजलं होतं. तेच तर दुःख आहे.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट माझ्या नजरेला आली होती. मागच्या गाडीचे दोन्ही टायर कोरे होते, आणि जीपचे नव्हेत, ट्रकचे. गाद्या आणि भांडी न्यायला ट्रकचे टायर कोण घालतं? मी बघितलं आणि सोडून दिलं. सौदा झाला होता, रंग वाळत होता, मी दमलो होतो.

दुसऱ्या आठवड्यात टेंभुर्णीच्या वाटेवर, एका पुलाच्या उतारावर गाडी कलंडली. निरोप ट्रकवाल्यांनी आणला. मी पोचलो तेव्हा दुपार कलत होती. शेठच्या बायकोला दवाखान्यात नेलं होतं. ती जीपमध्ये पुढं बसली होती, बाहेर फेकली गेली आणि डावा हात कोपरातून मोडला. प्लायवूडची खोली एका अंगावर पडली होती. आणि उताराच्या दोन्ही बाजूंना, बाभळीपर्यंत, चादरींच्या गाठी. सुतळीनं आवळलेल्या, शिक्के मारलेल्या. सोळा मोजल्या, मग मोजायचं सोडलं. पुढच्या बाकाखालचे दोन्ही कप्पे फुटले होते. म्हणजे सगळा माल हुकाजवळच कोंबला होता.

एक दांडा मोडला होता. मी मोडलेलं टोक धोतराच्या सोग्यानं पुसून उन्हात धरलं. आत जुनी चीर असती तर तिच्यात गंज दिसला असता. मोड चांदीसारखा लखलखीत होता. लोखंड खोटं नव्हतं, त्याला झेपलं नाही. मग मी दुसऱ्या बाजूचा शाबूत दांडा बघितला. तांबडी कडी खाली लोंबत होती. साखळी तिच्यावर दोन कड्या ताणून अडकवलेली होती.

ते शेठला जमणारं काम नव्हतं. माझ्याखेरीज ती साखळी ओढायची रीत एकाच माणसाला ठाऊक होती.

शेठनं दवाखान्याच्या दारातच सुरुवात केली. मिस्त्रीला सगळं सांगितलं होतं, गाठींसकट सांगितलं होतं, मिस्त्रीनं सांगितलं काही होत नाही. नाक्यावर वजनकाट्याशेजारी ट्रकवाले चहाला जमायचे, तिथं तो रोज जाऊन हेच सांगायला लागला. तिसऱ्या दिवशी मी मोडका दांडा आणि साखळी खांद्यावर टाकून तिथं गेलो. बाकड्यावर दोन्ही ठेवलं. पंधरा-वीस माणसं होती, त्यातली निम्मी माझी गिऱ्हाइकं. शेठ होता. मेव्हणा त्याच्या मागं उभा होता, कपाळाला पट्टी.

मी शेठशी बोललोच नाही. मेव्हण्याला विचारलं, पावणं, गाठींचं मला कुणी सांगितलं होतं का?

तो जमिनीकडं बघत म्हणाला, "सांगितलं हुतं की."

आवाज चढू नये म्हणून मी बाकड्याची कड धरली. विचारलं, साखळी तांबड्या कडीवरनं कुणी हलवली?

"तुमीच लावली हुती तशी, दाजी."

कुणीतरी हसलं. एक म्हातारा ट्रकवाला म्हणाला, घरचाच साक्षीदार असा निघाला म्हटल्यावर आता काय राहिलं. मी मेव्हण्याच्या अंगावर गेलो, दोघांनी मला धरलं. धरलं नसतं तर काय केलं असतं हे मला आजही सांगता येत नाही. आणि माझं हेच अंगावर जाणं लोकांच्या लक्षात राहिलं. खरं बोलणारा शांत असतो, असं लोकांना वाटतं.

गिऱ्हाईक एकदम तुटलं नाही. हळूहळू कमी झालं, जसं विहिरीचं पाणी जातं. पंक्चर आणि ग्रीसिंगला लोक यायचे, हूक आणि ब्रेकला येईनासे झाले. मी ते सोसलं. त्याआधीही सोसलेलंच होतं.

सोसवत नाही ते वेगळंच. शेठची बायको पुढं गावातल्याच दुकानात बसायला लागली. तिचा डावा हात वाकडा बसला. चादर मापताना ती कोपर अंगाला चिकटवून उजव्या हातानं कापड ओढायची, आणि गिऱ्हाईक ते बघायचं. एकदा मी धीर करून पायरीशी गेलो. म्हणालो, बाई, मला गाठींचं ठाऊक नव्हतं. ती चिडली नाही, तेच वाईट होतं. म्हणाली, "मिस्त्री, तुमचाच पाहुणा म्हणतो तुम्हाला ठाऊक होतं. मी कुणाचं ऐकू?"

मी पायरीवरून उतरलो.

घरी मी बायकोला म्हणालो, तुझ्या भावाला विचारतो. ती म्हणाली, विचारा, पण भाऊबिजेला त्याला घरात येऊ द्या, मला एकच भाऊ आहे. खरं बोलला असता तर त्याची नोकरी गेली असती, तीन पोरं होती, हे तिनं सांगितलं नाही, मला ठाऊकच होतं. म्हणून मी त्या वर्षी गप्प बसलो. दुसऱ्या वर्षी गप्प बसलो. तो यायचा, पाटावर बसायचा, ओवाळून घ्यायचा, करंज्या खायचा, "दाजी, बरं हाय का?" म्हणायचा. मी म्हणायचो, बरं आहे. किती वर्षं झाली, मोजत नाही. गॅरेज विकलं. शेठ गेला. आता गुडघे दुखतात, आणि राग यायलासुद्धा ताकद लागते ती उरलेली नाही.

पण सवाल उरला आहे. टायर बघूनही मी बोललो नाही, ती माझी चूक, ती मी इथं लिहून मोकळा झालो. हावेपायी पातळ पानांवर सौदा केला, तेही लिहिलं. माझ्या वाट्याचं मी टाळलेलं नाही.

पावणं, आता तुमच्या वाट्याचं. मी बॉनेटजवळ तुम्हाला विचारलं तेव्हा गाठी चढणार हे तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं? जीप मागं बसलेली बघून साखळी तुम्ही ताणली की नाही? मला उत्तर देऊ नका, मला ते ठाऊक आहे. ती बाई अजून दुकानात बसते. तिच्या पायरीवर जा, आणि तिच्या हाताकडं बघून तिला उत्तर द्या.